एकच धंदा, तीन आडनावे: वॉकर, फुलर आणि टकर

चेहऱ्याला लावायच्या मुलतानी मातीच्या पाकिटावर तिचे इंग्रजी नाव पुष्कळदा ‘फुलर्स अर्थ’ असे छापलेले असते, म्हणजे फुलरची माती. हा फुलर कोणी एक गृहस्थ नव्हे. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड धुऊन, तुडवून आणि आटवून घट्ट करणारा मध्ययुगीन इंग्लंडमधला कारागीर म्हणजे फुलर. कापडातला तेलकटपणा शोषून घेण्यासाठी त्याला ही माती लागत असे. याच कारागिराला इंग्लंडच्या उत्तरेत ‘वॉकर’ आणि नैऋत्येला ‘टकर’ म्हणत. काम तेच, हत्यारे तीच, दुर्गंधीही तीच. नावे मात्र प्रदेशागणिक वेगळी होती. ती तिन्ही नावे पुढे आडनावे झाली आणि धंदा हातातून गेल्यावरही घराण्यांना चिकटून राहिली. त्यांपैकी वॉकर हे आज इंग्लंडमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या पंचवीस आडनावांत मोडते, आणि त्याच्याविषयीच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

धंदा कळल्याशिवाय हे आडनाव कळत नाही, म्हणून आधी कापडाकडे पाहू. लोकर पिंजताना आणि कातताना तंतू तुटू नयेत यासाठी तिला लोणी किंवा तेल चोळत. त्यामुळे मागावरून उतरलेले कापड तेलकट, मळकट आणि विरळ असे. उजेडासमोर धरले तर ताण्याबाण्यातल्या फटी दिसत आणि अंगावर घेतले तर वारा आरपार जाई. अशा कापडाला बाजारात किंमत नव्हती. ते आधी स्वच्छ करायचे आणि मग दाट करायचे, ही दोन्ही कामे फुलरची.

स्वच्छतेचे साधन म्हणजे शिळे मूत्र. मूत्र काही दिवस साठवून ठेवले की त्यातल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, आणि अमोनियाची तेलाशी गाठ पडली की साबणासारखा पदार्थ बनून तेल पाण्याबरोबर निघून जाते. यॉर्कशरच्या कापड-गावांत घरोघरचे मूत्र गोळा करण्याची पद्धत अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. रोमन काळातले फुलरही हेच वापरत. सम्राट व्हेस्पेशियनने सार्वजनिक मुताऱ्यांतल्या मूत्रावर कर बसवला, मुलाने नाक मुरडले, तेव्हा बापाने करातून आलेले नाणे त्याच्या नाकापुढे धरून त्याला वास येतो का असे विचारले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मूत्रानंतर फुलरच्या मातीचा हात फिरे आणि उरलेसुरले तेल ती शोषून घेई. इंग्लंडमध्ये ही माती सरे परगण्यातल्या नटफील्डच्या आसपास, बेडफर्डशरमध्ये आणि बाथ शहराजवळ सापडते. परदेशी विणकरांच्या हाती ती पडू नये म्हणून सतराव्या शतकात तिच्या निर्यातीवर बंदी होती, एवढे तिचे मोल होते.

कापड दाट होण्यामागचे शास्त्र स्वेटर गरम पाण्यात धुऊन आटवून बसलेल्या कोणालाही सहज कळेल. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि ते सगळे एकाच दिशेला झुकलेले असतात. ओलावा, ऊब आणि दाब मिळून तंतू हलू लागले की ते एका बाजूला सरकतात, पण खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. तंतू एकमेकांत अडकत जातात आणि कापड आटते. चांगल्या लोकरीच्या कापडाची रुंदी अशा रीतीने एक-तृतीयांश, कधी त्याहूनही अधिक कमी होई. तयार झालेल्या कापडात मूळची वीण जवळजवळ दिसेनाशी होई, आणि पाऊस व वारा दोन्ही बऱ्यापैकी अडत. सुताला असे खवले नसल्यामुळे सुती कापड कितीही तुडवले तरी दाट होत नाही. लोकर दाबून केलेला बुरणूस किंवा नमदा ज्यांनी हाताळला आहे, त्यांना मात्र या कापडाचा पोत ओळखीचा वाटेल, फक्त बुरणूस न विणता करतात आणि फुलरकडे आलेले कापड आधी विणलेले असे.

हे दाबण्याचे काम सुरुवातीला पायांनीच होई. लाकडी किंवा दगडी कुंडात कापड भिजत घालायचे आणि दोघा-तिघांनी गुडघाभर घाणीत उभे राहून ते तासन्‌तास तुडवायचे. त्यानंतर कापड पुन्हा धुऊन लांबलचक लाकडी चौकटींवर ताणून वाळत घालत, म्हणजे ते वेडेवाकडे आटत नसे. या चौकटींना कापड अडकवायच्या आकड्यांच्या (टेंटरहुक्स) ओळी असत, आणि जीव टांगणीला लागल्याची अवस्था सांगायला इंग्रजीत आजही त्या आकड्यांचेच नाव घेतात, ‘ऑन टेंटरहुक्स’. मग टीझल नावाच्या काटेरी वनस्पतीच्या बोंडांनी कापडाची लव उभी करायची आणि भल्यामोठ्या कात्रीने ती समतल कापायची. हे कात्रीचे काम करणारा तो शिअरमन, आणि शर्मन हे आडनाव त्याचे.

बाराव्या शतकात या कामात यंत्र शिरले. पाणचाकाच्या आसाला बसवलेले खुंट जड लाकडी हातोडे आळीपाळीने उचलत आणि कुंडातल्या कापडावर सोडत. ११८५ मध्ये टेम्पलर या धर्मयोद्धा संघाच्या इंग्लंडमधल्या मालमत्तेची मोजदाद झाली. तिच्यात यॉर्कशरमधल्या न्यूसम आणि ग्लॉस्टरशरमधल्या बार्टन येथील अशा गिरण्यांची नोंद आहे. एलिनोरा कारस-विल्सन या अर्थेतिहासकार बाईंनी १९४१ मध्ये लिहिलेल्या लेखात या बदलाला ‘तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती’ असे नाव दिले. त्यांचा मुद्दा असा होता की गिरणीला वेगवान ओढा लागतो, आणि असे ओढे पूर्वेकडच्या सपाट प्रदेशातल्या जुन्या कापड-शहरांत नसून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या डोंगराळ खोऱ्यांत आहेत, म्हणून कापडधंदाच तिकडे सरकला. नंतरच्या अभ्यासकांनी या मताला बरीच मुरड घातली. तुडवणी हा कापडाच्या एकूण खर्चाचा लहानसा भाग होता. स्वस्त मजुरी आणि शहरी कारागीर-संघांच्या जाचापासून सुटका या गोष्टींचाही वाटा मोठा होता, असे ते म्हणतात, आणि मला ते पटते. तरी यंत्राची धास्ती खरी होती. १२९८ मध्ये लंडनमध्ये शहराबाहेर स्ट्रॅटफर्डच्या गिरण्यांकडे कापड पाठवण्यावरून तक्रार झाली आणि त्यावर निर्बंध घातले गेले. पायाने तुडवणाऱ्यांची बाजू त्या वेळी तरी वरचढ ठरली.

दोन्ही पद्धती दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदल्या. ‘पीअर्स प्लाउमन’ या चौदाव्या शतकातल्या दीर्घकाव्यात बाप्तिस्मा न झालेल्या मुलाची तुलना मागावरून नुकत्याच उतरलेल्या कापडाशी केली आहे: पायाखाली किंवा गिरणीच्या हातोड्याखाली तुडवले जाईपर्यंत, पाण्याने धुऊन टीझलने खरवडले जाईपर्यंत आणि चौकटीवर ताणून शिंप्याच्या हाती जाईपर्यंत ते अंगावर घालण्याजोगे नसते, असे कवी म्हणतो. धर्मोपदेशात कापडाच्या या पायऱ्या इतक्या सहज येतात, यावरून हा धंदा ऐकणाऱ्यांच्या किती परिचयाचा होता ते लक्षात येते.

आता नावांकडे वळू. फुलर हा शब्द मूळ लॅटिन. रोमन लोक या कारागिराला ‘फुल्लो’ म्हणत. जुन्या इंग्रजीने तो फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांच्या आक्रमणाआधीच उचलला होता आणि १०६६ च्या त्या आक्रमणानंतर त्याच कुळातल्या फ्रेंच शब्दाने त्याला बळ दिले. म्हणूनच लंडन, केंट, ससेक्स, एसेक्स, सफक, नॉरफक या आग्नेय आणि पूर्वेकडच्या पट्ट्यात, जिथे राज्यकर्त्यांच्या भाषेची छाप गडद होती, तिथे तो रुजला, असे मानायला जागा आहे. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेले एडवर्ड आणि सॅम्युएल फुलर हे भाऊ नॉरफकमधल्या रेडनहॉलचे होते, हे या नकाशाशी जुळते.

टकर हा अस्सल जुन्या इंग्रजीतला शब्द. त्याच्या मुळाशी ‘तुकियान’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ छळणे, हालहाल करणे असा होता. कापडाचे जे हाल होत ते पाहता शब्द चपखलच म्हणायचा. त्याचा मुलूख म्हणजे डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल आणि समुद्रापलीकडचा वेल्सचा दक्षिण किनारा. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात १४७१ मध्ये बांधलेले कापड-कारागिरांचे सभागृह अजून उभे आहे. संघाच्या औपचारिक नावात विणकर, फुलर आणि शिअरमन असे शब्द आहेत, म्हणजे कागदोपत्री लंडनचा शब्द आला. पण इमारतीला गाव ‘टकर्स हॉल’च म्हणत आले. बाथजवळ टकिंग मिल नावाचे एक ठिकाण आहे. इंग्लंडचा भूगर्भीय नकाशा १८१५ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम स्मिथने तिथे घर घेतले होते. त्याच परिसरातल्या खडकांच्या एका थराला भूशास्त्रात ‘फुलर्स अर्थ’ हे नाव आहे, त्यामुळे ठिकाणाच्या नावात टकर आणि पायाखालच्या थरात फुलर अशी सरमिसळ तिथे पाहायला मिळते.

राहिला वॉकर. हे नाव ऐकले की चालणारा असा अर्थ डोळ्यांपुढे येतो आणि कापड पायाने तुडवत, म्हणजेच त्यावर चालत, म्हणून हे नाव पडले, असे स्पष्टीकरण आडनावांच्या लोकप्रिय माहितीपत्रकांत सर्रास दिलेले असते. ते अर्धवट आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कान’ या क्रियापदाचा अर्थ गडगडणे, लोळणे, घुसळणे असा होता. समुद्राच्या लाटांसाठीही तो वापरला जाई. कापड घोळून घोळून तुडवणारा तो ‘वेआल्केरे’. जर्मनमध्ये याच कुळातले ‘वाल्कन’ हे क्रियापद आजही लोकर तुडवून दाट करण्यासाठी वापरतात आणि चालण्याशी त्याचा काही संबंध नाही. पायी चालणे हा अर्थ इंग्रजी शब्दाला मागाहून, मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात पक्का चिकटला. म्हणजे कारागिराचे नाव आधीचे आणि चालण्याचा अर्थ नंतरचा. आजचा अर्थ घेऊन जुन्या नावाकडे गेले की नेमका हा क्रम उलटा होतो. यॉर्कशर, लँकशर, डर्बीशर आणि पश्चिम मिडलँड्स हा या नावाचा बालेकिल्ला. स्कॉटलंडच्या इंग्रजीभाषक भागातही तोच शब्द होता. तिथल्या गिरण्यांना ‘वॉकमिल’ म्हणत. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गेलिक बोलणाऱ्या बायका फळीभोवती बसून ओले ट्वीड तालावर आपटत आणि त्या तालावर गाणी म्हणत. आपल्याकडे दळणकांडणाच्या ओव्या जशा कामाच्या ठेक्यातून आल्या, तशीच ही गाणी.

धंद्याचे नाव आडनाव कसे झाले, याचे उत्तर एका वर्षात बसत नाही. नॉर्मन विजयानंतर एकाच गावात जॉन, विल्यम, रॉबर्ट यांची गर्दी झाली, आणि जमीनदाराच्या कचेरीत सारा व दंड लिहून घेताना कारकुनाला ते वेगळे ओळखता यावेत म्हणून नावापुढे बापाचे नाव, गाव, शरीराची खूण किंवा धंदा जोडला जाऊ लागला. इथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. ज्या गल्लीत सगळेच फुलर, तिथे फुलर म्हणून कोणाची ओळख पटत नाही. ती पटते ती चार-पाच गावांमिळून एक गिरणी असते तिथे. धंद्यावरून पडलेली आडनावे पुष्कळदा अशा एकट्यादुकट्या कारागिरांपासून निघाली आहेत, त्यामुळे एखाद्या गावात हे आडनाव भरपूर म्हणजे तिथे धंदाही जोरात होता, असे सरळ गणित मांडता येत नाही.

१३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसली आणि तिच्या याद्यांमुळे सामान्य माणसांची नावे अभ्यासकांच्या हाती आली. काही याद्यांत नावासमोर धंदाही लिहिला आहे. आडनाव आणि धंदा जुळत असेल तर ते नुसते वर्णन असू शकते. वॉकर नावाचा माणूस नांगर धरताना दिसला की मात्र नाव बापाकडून किंवा आजाकडून आले, असे म्हणता येते. १३८१ च्या उठावात नॉरफकमधल्या बंडखोरांचा म्होरक्या जेफ्री लिट्स्टर होता. लिट्स्टर म्हणजे रंगारी, आणि तो धंद्यानेही रंगारीच होता. त्याचे नाव हे आडनाव मानायचे की धंद्याची खूण, असा प्रश्न पडावा, नेमक्या त्याच उंबरठ्यावर तो काळ उभा होता. दक्षिणेत चौदाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक घराण्यांची आडनावे वंशपरंपरेची झाली होती. उत्तरेत ही प्रक्रिया आणखी काही काळ रेंगाळली. १५३८ पासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम निघाला आणि नावे कागदावर बांधली गेली.

आडनावांच्या प्रादेशिक वाटणीचा हा प्रकार एकट्या फुलरपुरता नाही. विणकराला नैऋत्येला वेबर, उत्तरेला वेब्स्टर आणि इतरत्र वेब किंवा वीव्हर म्हणत. लोहाराला मात्र देशभर स्मिथ हाच शब्द होता. स्मिथ हे आडनाव इतके पुढे का, या प्रश्नाला लोहार प्रत्येक गावी लागे हे उत्तर दिले जाते आणि ते बरोबरही आहे, पण त्याची सारी शिरगणती एकाच नावाखाली झाली हाही त्याचा फायदा. तुडवणाऱ्या कारागिराची तिघांत विभागणी झाली, नाहीतर तोही यादीत आणखी वर दिसला असता. १८८१ च्या जनगणनेवरून काढलेल्या आडनावांच्या नकाशांत, म्हणजे रेल्वेने माणसे इकडची तिकडे झाल्यावरही, वॉकर उत्तरेत, फुलर आग्नेयेत आणि टकर नैऋत्येत दाट दिसतात.

तोवर धंद्याचा आणि नावाचा संबंध केव्हाच तुटला होता. ससेक्समधले फुलर घराणे अठराव्या शतकात लोखंडाच्या भट्ट्यांवर आणि जमैकातल्या गुलामांकडून पिकवून घेतलेल्या उसावर श्रीमंत झाले. त्याच घराण्यातल्या विक्षिप्त जॉन फुलरने ब्राइटलिंगच्या चर्चच्या आवारात स्वतःसाठी पिरॅमिडच्या आकाराची कबर बांधून घेतली. मराठी वाचकांना ही तिन्ही आडनावे इतिहासातून भेटलेली आहेत. १८०२ मध्ये गायकवाडांच्या दरबारी बडोद्यात रेसिडेंट म्हणून आलेला आणि पुढे काठेवाडच्या संस्थानिकांशी १८०७ चा खंडणीचा ठराव करणारा कर्नल अलेक्झांडर वॉकर स्कॉटलंडमधल्या फाइफचा. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीचा आराखडा कर्नल जेम्स फुलर यांचा. आणि १८८२ मध्ये भगवी वस्त्रे घालून मुंबईत मुक्तिफौजेचे काम सुरू करणारे, स्वतःला फकीरसिंग म्हणवणारे फ्रेडरिक टकर. बूथ हे नाव त्यांनी नंतर लग्नामुळे जोडले. एक फौजी मुत्सद्दी, एक अभियंता आणि एक धर्मप्रचारक, तिघांच्याही नावात कापड तुडवणारा कोणीतरी पूर्वज, निदान नावापुरता तरी.

नावापुरता असे म्हणण्याला कारण आहे. एकाच आडनावाचे सगळे एका कुळातले असे समजणे ही धंद्याच्या आडनावांबाबत होणारी मोठी चूक. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांमधील, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची तपासणी प्रसिद्ध केली. दुर्मीळ आडनावांच्या लोकांत समान पूर्वजाच्या खुणा स्पष्ट मिळाल्या, पण स्मिथसारख्या भरमसाट आढळणाऱ्या नावात त्या जवळजवळ नव्हत्या, कारण ते नाव शेकडो गावांत शेकडो वेळा स्वतंत्रपणे जन्मले. वॉकरची जन्मकथाही त्याच जातीची आहे.

शिवाय काही वॉकर मूळचे वॉकर नाहीतच. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘मॅक अन ऊकाडर’, म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, असे आडनाव होते; इंग्रजीचा रेटा वाढल्यावर त्यातल्या अनेकांनी सरळ भाषांतर करून वॉकर लावले. आयर्लंडमध्ये उलटे घडले. तिथल्या ‘ओ तुआहर’ या घराण्याच्या नावाला कापडाशी कसलेही देणेघेणे नव्हते, पण इंग्रज कारकुनाच्या कानाला ते टकरसारखे वाटले आणि तसेच लिहिले गेले. उत्तर इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी, रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीजवळ, वॉकर नावाचे गावच आहे. त्याचा अर्थ भिंतीजवळची दलदल, आणि तिथून निघालेल्या एखाद्या घराण्याला गावावरून ते नाव मिळाले असण्याची शक्यता उरते. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी घेतलेले किंवा त्यांच्यावर लादले गेलेले वॉकर हे आडनाव यॉर्कशरच्या कुंडापर्यंत पोहोचतच नाही. वंशावळ शोधणाऱ्याने म्हणून शब्दकोशातला अर्थ शेवटी पाहावा. आधी आपल्या घराण्याची जितकी मागची चर्च-नोंद मिळेल तितकी मिळवावी, ती कोणत्या परगण्यात जाऊन थांबते ते पाहावे, आणि ती यॉर्कशरला थांबली तर कापडाचा विचार करावा, स्कॉटलंडमधल्या आर्गाइलला थांबली तर आधी गेलिक नाव शोधावे.